मागून घेतलेला तुकडा

कापड कमी पडलं. तेही आत्याला. ही गोष्ट पचायला घराला चांगला अर्धा तास लागला.

आत्याने चाळीस वर्षं दुकानात बसून लोकांचे कपडे शिवले होते. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर त्याच्या कोटाला किती कापड लागेल हे तिच्या डोक्यात तयार असायचं, आणि उरलेल्या तुकड्यात त्याच्या पोराची टोपी बसेल की नाही हेही. अशा बाईने गोधडीसाठी जमवलेलं गाठोडं तीन आठवड्यांपूर्वी नुसतं हाताने उचलून पाहिलं होतं आणि पुरून उरेल असं सांगून टाकलं होतं. आणि आज रविवारी दुपारी चारही कोपरे सरकत सरकत जवळ आले, तर मधोमध दीड हात जागा उघडीच. खालचं अस्तर सगळ्यांकडे टकमक बघतंय आणि गाठोड्यात काही नाही.

आत्याने गाठोड्याचं फडकं झटकलं, उलटं केलं, पुन्हा झटकलं. त्यातून एक बटण पडलं.

"हे गाठोडं कोणीतरी खाल्लंय," ती म्हणाली.

त्यावर कोणी हसलं नाही, कारण आत्याच्या हातात कात्री होती.

मागच्या लांब खोलीत ही बैठक चालली होती. बागेकडचं दार उघडं होतं, आणि गोधडी जमिनीवर पसरलेली, कोपऱ्याकोपऱ्याला एकेक माणूस. या घरात गोधडी कडेकडून आत शिवत येतात. चौघांनी चार कोपरे धरायचे आणि टाके घालत मधे भेटायचं. त्यात बाई-पुरुष असलं काही नाही, ज्याला सुई धरता येते तो बसतो. एका कोपऱ्याला आत्या. तिच्या समोर तिचा धाकटा भाऊ, ज्याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे पोस्टमास्तरच म्हणतात. तिसऱ्या कोपऱ्याला या दोघांच्या थोरल्या भावाची मुलगी, शाळेत गणित शिकवणारी मास्तरीण. तिला सातवा महिना होता, पुढे वाकता येत नव्हतं, म्हणून तिने गोधडीच ओढून पोटावर घेतली होती. चाळिसाव्या वर्षी पहिलं मूल होतंय म्हटल्यावर घरात तिला कोणी काही बोलत नव्हतं. गोधडी तिच्याच बाळाची. चौथ्या कोपऱ्याला नवी. आणि दारात पाय पसरून सुया ओवत बसलेला मास्तरणीचा नवरा, म्हणजे घरचे जावईबापू. बस चालवणारा माणूस, नजर घारीची, त्यामुळे दोरा ओवायचं काम त्याच्याकडे आपसूक आलं होतं.

आता नवी म्हणजे कोण, तर या दोघांच्या थोरल्या भावाची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली, आणि दोन वर्षांनी ही आली. तेव्हा मास्तरीण नऊ वर्षांची होती. दारात आलेल्या शेजारणीने विचारलं, ही कोण गं? तर पोरगी म्हणाली, ही नवी. झालं. एकतीस वर्षं झाली, थोरला भाऊ जाऊन आठ वर्षं झाली, घरातल्या खुर्च्या दोनदा बदलल्या, पण ती आपली नवीच. तिने जनावरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं काम केलं, कुत्र्यांच्या चाव्यांनी हातावर जागा उरली नाही, केस पांढरे झाले, तरी नवी. बाहेरच्या माणसाला हसू यायचं, घरातल्यांच्या ते ध्यानातसुद्धा येत नसे.

आणि गोधडीचा नियम असा, की तुकडा मागून घ्यायचा. ज्या बाईला मूल होणार तिने घरातल्या एकेकापाशी जायचं, नात्याने हाक मारायची आणि म्हणायचं, तुझ्या अंगावरचं दे. आत्या, तुझ्या अंगावरचं दे. काका, तुझ्या अंगावरचं दे. मग त्या माणसाने अंगावर घालून घालून विरलेला एखादा कपडा काढून द्यायचा. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही, आणि न मागता कोणी पुढे करायचा नाही. न मागता दिलेला तुकडा गोधडीत टिकत नाही, असं आत्याची आई म्हणायची, आणि आत्याही म्हणायची. कापडशास्त्राच्या दृष्टीने याला काडीचा अर्थ नाही हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणायची. आणखी एक, एकदा मधली जागा बंद झाली की गोधडीला पुन्हा कात्री लावायची नाही.

नवी आल्यापासून या घरात पाच गोधड्या झाल्या. आत्याच्या मुलीच्या दोन बाळांच्या, पोस्टमास्तरांच्या सुनांच्या तीन. पाचही गोधड्यांना नवीने कोपरा धरला होता. तिचे टाके आत्याच्या खालोखाल, हे आत्यासुद्धा मान्य करायची. पण त्या पाचांपैकी एकीतही नवीच्या अंगावरचा तुकडा नव्हता, कारण तिच्याकडे कोणी मागितलाच नाही.

हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर भांडण तरी झालं असतं. कोणाकोणाकडे मागायचं त्याची एक यादी आत्याच्या सुयांच्या डब्यात असे, आणि प्रत्येक गोधडीच्या वेळी नवी यादी जुन्या यादीवरून उतरवून काढायची पद्धत होती. गेलेल्यांची नावं गाळायची, मागणारीच्या नवऱ्याचं घालायचं, बाकी तसंच. ज्या जुन्या यादीवरून हा सगळा कारभार चालला होता ती नवी घरात येण्याच्या आदल्या महिन्यात लिहिलेली होती.

मास्तरणीला हे यंदाच कळलं, कारण यंदा यादी तिच्या हातात आली. मुलांच्या वह्यांमधली नक्कल ओळखण्यात तिचं आयुष्य गेलेलं, तिला एका नजरेत कळलं. त्या दिवशी तिने सगळ्यांकडे मागून घेतलं आणि नवीकडे जायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. नवी पाठमोरी भांडी पुसत होती. मास्तरणीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की नात्याने हाक मारायची आहे. नवी हे काही नातं नव्हे. आई म्हणावं तर एकतीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही, आता सातव्या महिन्यात, कपडा हवा म्हणून म्हणायचं? तिची तिलाच लाज वाटली. ती पाणी पिऊन परत आली.

उद्या मागू, असं म्हणत तीन आठवडे गेले. आता दीड हात जागा उरली होती, ती आज संध्याकाळपर्यंत बंद होणार होती, आणि एकदा बंद झाली की संपलं. सकाळपासून मास्तरणीचा टाका लांब पडत होता तो वाकता येत नाही म्हणून नव्हे. नवी तिच्या शेजारच्याच कोपऱ्याला बसून मान खाली घालून शिवत होती आणि मधूनमधून तिला विचारत होती, पाठीला उशी हवी का.

आत्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिने तपास सुरू केला. शिवलेल्या भागावरून बोट फिरवत ती एकेक कपडा मोजू लागली. माझ्या घरातल्या झग्याची पाठ कुठे आहे, पुढचा भाग तेवढा दिसतोय. जावईबापूंच्या खाकी शर्टाला बाही एकच कशी. खरं तर हे तिने शिवतानाही पाहिलं होतं, पण ड्रायव्हरचा एक हात जन्मभर खिडकीबाहेर, उन्हात ती बाही विरून गेली असेल असं तिने मनाशी धरलं होतं. आता प्रत्येक कपडा अर्धाच निघाला, तेव्हा तिचा आवाज चढला. उंदीर असते तर कुरतडल्याच्या खुणा असत्या. हे कात्रीने सरळ कापलेलं आहे. कापणाऱ्याने उभा धागा बघून कापलंय, म्हणजे घरचंच माणूस आहे.

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

आता पोस्टमास्तरांचं म्हणाल, तर त्यांचं आणि सशांचं गेले चार महिने युद्ध पेटलेलं होतं. मागच्या बागेत त्यांचे सहा वाफे. कोबी, गाजर, घेवडा, पालक, मुळा आणि एका वाफ्यात काहीतरी परदेशी पाला, जो घरात कोणी खात नव्हतं, पण सशांना फार आवडायचा. पलीकडच्या माळावरून ससे पहाटे यायचे आणि दिवस उजाडेतो वाफा बोडका. पोस्टमास्तरांनी पत्र्याचे डबे बांधून पाहिले, फुटके आरसे लावून पाहिले, जाळी पुरली, न्हाव्याकडून केसांची पिशवी आणून पसरली. ससे केसांवरून चालत आले. बुजगावणं उभं केलं तर त्याच्या सावलीला बसून खायचे. शेवटी कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की माणसाने अंगावर वापरलेला कपडा काठीला बांधला तर त्या वासाने ससा फिरकत नाही. आणि जिन्याखाली तर अशा कपड्यांचं गाठोडंच बांधून ठेवलेलं.

"मी प्रत्येकातला अर्धाच घेतला," ते म्हणाले. "तुमचा वाटा तुम्हाला ठेवला होता."

आत्याने कात्री खाली ठेवली, हे वाईट लक्षण होतं. मग तिने भावाची जी काही खरडपट्टी काढली, तिच्यात त्याच्या लहानपणापासूनचे सगळे गुन्हे आले. जावई सुई ओवता ओवता उठला आणि बागेतून काठ्यांवरची फडकी काढून घेऊन आला. ऊन, दव आणि पाखरांची कृपा यांनी त्यांची दशा अशी झाली होती, की आत्याने दोन बोटांनी उचलून ती दाराबाहेर टाकली. बाळाला घालायची आहे गोधडी, असं म्हणाली.

दुसरा कोणी असता तर एव्हाना गप्प बसला असता. पण पोस्टमास्तरांना आपल्या कामाचा हिशोब दिल्याशिवाय चैन पडत नसे. ते आतून वही घेऊन आले. कपडा वाया गेलेला नाही, प्रयोग यशस्वी झालेला आहे, असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला ते कपड्यांच्या जागा बदलत होते आणि लिहून ठेवत होते. ताईचा झगा ज्या वाफ्यावर, तिथे एक पान खाल्लं गेलं नाही. जावईबापूंचा शर्ट, तिथेही नाही. मास्तरणीचा गाऊन, दोनच पानं. त्यांचं स्वतःचं बनियन, तिथे तर वाफ्याच्या आसपाससुद्धा पाऊल नाही.

"सशांनाही नाक आहे," आत्या म्हणाली. आता मात्र सगळे हसले. पोस्टमास्तरही हसले, आणि त्या हसण्याच्या भरात त्यांनी पुढची ओळ वाचली.

ती वहिनींच्या, म्हणजे नवीच्या, एप्रनची होती. पहिल्या आठवड्यात एप्रन कोबीवर होता, कोबी साफ. दुसऱ्या आठवड्यात घेवड्यावर, घेवड्याचे नुसते दांडके. तिसऱ्या आठवड्यात पालकावर, आणि पालक होता हे सांगावं लागतं. सगळ्यांच्या कपड्याला ससे भितात आणि वहिनींच्या एप्रनला बघून पंगतीला बसतात, हे काय गौडबंगाल आहे ते त्यांना तीन आठवडे उलगडत नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून वहिनींकडे पाहिलं.

नवीने टाका पुरा केला आणि दोरा दाताने तोडला. जावई एकदम वाकून सुईचं नेढं शोधायला लागला. सुई ओवलेली होती. हा माणूस असा, की याच्या तोंडात तीळ भिजत नाही, बसमधल्या चाळीस लोकांना घरातल्या आमटीचं मीठसुद्धा माहीत असतं. त्याने इतका वेळ तोंड मिटलंय म्हणजे पाणी मुरतंय, हे त्याच्या बायकोच्या लगेच लक्षात आलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर बघते तसं.

"मॅडमनी सांगू नका म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. त्यालाही नवीला काय म्हणावं हे कधी सुचलं नव्हतं, तेव्हा तो प्रवाशांसारखं मॅडम म्हणायचा.

मग सगळं बाहेर आलं. दीड महिन्यापूर्वी वळणावर सशाची एक मादी गाडीखाली मेलेली जावयाने पाहिली होती. घरी येऊन सहज बोलला. नवीने लगेच पायात चपला घातल्या आणि माळाच्या कडेचं गवत हाताने चाळून तीन पिल्लं शोधून काढली. एकेक मुठीएवढं. पाण्याच्या टाकीमागे वाळक्या वेलींचा ढीग होता, त्यात ठेवली. दवाखान्यातली सवय. ड्रॉपरने दूध पाजलं, मग गाजराचा पाला, मग कोबीची बाहेरची पानं. तो काठीवर जाईपर्यंत ती रोज तोच एप्रन घालून जायची. पिल्लांना त्या वासाचा एकच अर्थ माहीत होता, की जेवण आलं. आता ती चांगली पायावर उभी राहिली होती, माळावर जाऊन यायची, आणि पोस्टमास्तर त्यांच्यासाठी दर आठवड्याला नव्या वाफ्यावर पाटी लावत होते.

या घरात नवीची बाजू कोणी घेत आलं असेल तर ते पोस्टमास्तर. थोरल्या भावाच्या माघारी वहिनी इथेच राहतील, हे ठणकावून सांगणारे तेच. आणि त्याच वहिनींनी त्यांच्या वैऱ्याची पोरं दूध पाजून वाढवली.

"वहिनी, कुंपणच शेत खायला लागलं तर मी कोणाकडे बघायचं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

"चुकलं, भाऊजी," नवी म्हणाली. "पण आई नव्हती हो त्यांना."

ती साधंच बोलली, पिल्लांविषयीच बोलली. मास्तरणीच्या हातातली सुई मात्र थांबली. तिला आठवलं, ती नऊ वर्षांची असताना ताप आला होता. ही बाई घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. मास्तरीण तिच्या हातून पाणी प्यायला तयार नव्हती, तर हिने पेला खाली ठेवला आणि दारामागे जाऊन उभी राहिली, पोरगी पिईपर्यंत. रोज तसंच. मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

आणि आत्या हसायला लागली. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज आला, मग तिला चष्मा काढावा लागला. एकतीस वर्षांत आत्या नवीच्या बाजूने कधी बोलली नव्हती, विरुद्धही नाही, पण आज तिने भावाला सरळ सांगितलं, की चार महिने तू हरतो आहेस आणि हिने एका एप्रनवर सगळे ससे खिशात घातले, तेव्हा बागेत हिचं चालेल. बाजू अशा फिरल्या, की जावई भीत भीत पोस्टमास्तरांकडे सरकला, कोणीतरी हवं ना त्यांच्याकडे. बराच खल होऊन तह झाला. तो परदेशी पाल्याचा वाफा सशांना कायमचा द्यायचा, एप्रन तिथेच बांधायचा, आणि बाकी पाचांवर पोस्टमास्तरांचं बनियन. पोस्टमास्तरांनी तह वहीत लिहून घेतला. लिहिता लिहिता त्यांचा राग निवाला, ते मुळात रागावून राहणारे नव्हेतच.

आणि मग वही मिटताना ते सहज म्हणाले, की एप्रनही मी खरा गाठोड्यातूनच घेणार होतो. तळापर्यंत शोधलं, पण गाठोड्यात वहिनींचं काही नव्हतंच, म्हणून खुंटीवरचा काढावा लागला.

खोलीतलं हसू एकदम बंद झालं.

आत्याने मान वर केली नाही. तिला दुसऱ्या गोधडीच्या वेळीच कळलं होतं. पोस्टमास्तरांच्या सुनेला यादी देताना तिच्या ध्यानात आलं होतं की यात नवी नाही, आणि तिने स्वतःला सांगितलं होतं, असू दे, पुढच्या वेळी घालू. पुढच्या वेळी वाटलं, आता एकदम घातलं तर आधी का नाही म्हणून विचारेल. त्याच्या पुढच्या वेळी तिने बघितलंच नाही. हे सगळं तिने त्या क्षणी चौघांसमोर सांगून टाकलं, जसंच्या तसं, आवाज न बदलता. माझी चूक आहे, असंही म्हणाली. आत्याच्या तोंडून हे वाक्य त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"राहू द्या हो ताई," नवी घाईघाईने म्हणाली. "त्यात काय एवढं. मधली जागा कशाने भरायची ते बघा आधी, दिवस उतरतोय." आणि ती उठायला लागली, म्हणे सगळ्यांसाठी चहा टाकते. कोणाला अवघडल्यासारखं झालं की नवी चहा टाकायची.

"तू बस," मास्तरीण म्हणाली.

तिने पोटावरची गोधडी बाजूला केली. जावई तिला हात द्यायला धावला, तिने नको म्हणून सांगितलं. एक हात जमिनीवर, एक भिंतीला, अशी ती उठली, सगळ्या गोधडीला वळसा घातला आणि नवीसमोर येऊन उभी राहिली. मागायचं ते समोर उभं राहून मागायचं असतं. तीन आठवडे ती ज्या शब्दापाशी अडली होती तो शब्द अजूनही तिच्या तोंडात येईना. आणि मग पोटात बाळाने अशी ढुशी दिली, की ती कळवळून वाकली, आणि तिच्या एकदम लक्षात आलं की मागणारी आपण एकटी नाही. गोधडी ज्याची आहे त्यानेही मागितलं तर चालतं की.

"आजी," ती म्हणाली, "तुझ्या अंगावरचं दे."

नवी बघतच राहिली. तिला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतेय. तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुलाच गं," मास्तरीण म्हणाली आणि रडायला लागली. "बाळाची आजी कोण आहे दुसरी?"

नवी उठली आणि आत गेली. कपाटाचं दार वाजलं. पोस्टमास्तर नाक शिंकरत होते. जावयाने बायकोला धरून खाली बसवलं. आत्या अस्तरावरून उगीचच हात फिरवत होती.

नवी परत आली ती कागदात बांधलेला एक गठ्ठा घेऊन. तिने तो गोधडीवर ठेवला आणि दोरी सोडली. आत धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेले पाच तुकडे होते. दवाखान्याच्या हिरव्या डगल्याचा एक. निळ्या ठिपक्यांच्या झग्याचा एक, तो तिने इतका वापरला होता की ठिपके नुसते आठवणीने दिसायचे. तपकिरी स्कर्टचा एक. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात ती रात्रंदिवस ज्या राखाडी गाऊनमध्ये वावरली त्याचा एक. आणि एक पिवळा, पोस्टमास्तरांच्या धाकट्या नातीच्या वर्षीचा.

"दर गोधडीच्या वेळी एक काढून ठेवायची," ती म्हणाली. "कोणी मागितलाच तर शोधाशोध नको. यंदाचा मात्र नाही निघाला, तो भाऊजींनी काठीला बांधला." ती हसली आणि तिचा आवाज फुटला. "यातला कुठला देऊ? तू सांग, तू मागितलायस."

पाच तुकड्यांवर हात ठेवून मास्तरीण नुसती मान हलवत राहिली. शेवटी आत्याच पुढे सरकली. तिने पाचही तुकडे एकेक करून उलगडले, उजेडाकडे धरले, उभा-आडवा धागा पाहिला आणि उघड्या जागेवर मांडून बघितले. मग म्हणाली, सगळे घेऊ, हिरवा मधोमध येईल. मास्तरीण हो म्हणाली.

नवीने डोळे पुसले, सुई उचलली आणि नेहमीसारखी आपल्या कोपऱ्याकडे वळली. तेव्हा आत्याने तिच्या हातातून सुई काढून घेतली.

"स्वतःचा तुकडा स्वतः शिवत नाहीत," आत्या म्हणाली. "तुला कसं माहीत असणार. सरक, जावईबापूंना बसू दे तिथे."

जावई तिच्या कोपऱ्याला बसला. त्याला टाका घालता येत नव्हता, आत्याने दोनदा दाखवल्यावर वेडावाकडा का होईना, जमू लागला. चौघांनी माना खाली घातल्या. हिरवा, निळा, तपकिरी, राखाडी, पिवळा, चारी बाजूंनी टाके आत येऊ लागले. नवीला काय करावं कळेना. चहा टाकू का, असं तिने दोनदा विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. मग ती भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि चार माणसं तिचे कपडे शिवताहेत ते मधली जागा बंद होईपर्यंत बघत राहिली.